गाडी तापली कुठे?

दरवर्षी 20 मार्चला महाडच्या चवदार तळ्यावर माणसांची रीघ लागते. 1927 साली याच दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो अनुयायांसह या तळ्याचं पाणी प्राशन केलं आणि सार्वजनिक पाण्यावरचा माणसाचा हक्क बजावला. त्या स्मृतीला अभिवादन करायला विदर्भ-मराठवाड्यापासून मुंबई-पुण्यापर्यंतची माणसं येतात. कुणी एसटीने, कुणी ट्रक-टेम्पोतून, कुणी भाड्याच्या जीपने, तर कितीतरी कुटुंबं घरातल्या जुन्या गाडीत दाटीवाटीने बसून. कोकणातला मार्च, पारा 38-40च्या घरात, शहरातले अरुंद रस्ते, आणि पुढच्या गाडीच्या मागे पावलापावलाने सरकणारी रांग. अशा दिवशी रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभी असलेली जुनी गाडी दिसली नाही तरच नवल.

अशा वेळी सगळे एकच गोष्ट करतात. कुठून तरी बाटलीभर पाणी आणायचं, रेडिएटरमध्ये ओतायचं आणि गाडी पुढे काढायची. पाण्याने तात्पुरतं भागतं. पण अभिवादन झाल्यावर असंच एखादं कुटुंब पोलादपूरहून आंबेनळी घाटाने प्रतापगड-महाबळेश्वरकडे निघतं, आणि चढाला लागल्यावर काटा पुन्हा लाल रेषेकडे सरकतो. तेव्हा दोष पाण्यात नव्हता, दुसरीकडेच कुठेतरी होता, हे ध्यानात येतं. तोवर घाट निम्मा चढून झालेला असतो.

जाणता मेकॅनिक बॉनेटला हात लावण्याआधी एक प्रश्न विचारतो : गाडी तापली कुठे? गर्दीत उभी असताना, हायवेला पळताना, की घाटात? या प्रश्नाच्या उत्तरात निम्मं निदान असतं, कारण या तीन ठिकाणी इंजिन थंड ठेवण्याचा मुख्य भार तीन वेगवेगळ्या भागांवर असतो. महाड-पोलादपूरचं वैशिष्ट्य असं, की तिन्ही ठिकाणं इथे तासा-दीड तासाच्या अंतरात आहेत. महाड शहरातली गर्दी, मग मुंबई-गोवा महामार्गावरचे पोलादपूरपर्यंतचे सतरा-अठरा किलोमीटर, आणि तिथून डावीकडे वळलं की आंबेनळी घाट. जुन्या गाडीची तब्येत तपासायला याहून चांगली जागा शोधून सापडणार नाही.

आधी उष्णतेचा हिशेब मांडू. पेट्रोल जळताना सिलिंडरमधल्या वायूचं तापमान काही क्षण 2000 अंश सेल्सिअसच्या वर जातं. पिस्टन अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो, आणि शुद्ध अॅल्युमिनियमसुद्धा 660 अंशांना वितळतं. तरीही पिस्टन वितळत नाही, कारण ही उष्णता सतत काढून नेली जाते. पेट्रोलमधल्या ऊर्जेपैकी जुन्या गाडीत जेमतेम चौथा हिस्सा चाकांना मिळतो. उरलेल्यातला मोठा वाटा सायलेन्सरमधून धुरावाटे जातो आणि साधारण 30 टक्के इंजिनभोवती खेळणाऱ्या पाण्यात उतरतो. हे पाणी पंपाच्या जोरावर रेडिएटरमध्ये जातं, तिथल्या बारीक नळ्यांतून उतरताना आपली उष्णता हवेला देतं आणि पुन्हा इंजिनात येतं. त्यामुळे या यंत्रणेला दोन प्रवाह लागतात. आत पाण्याचा, बाहेर हवेचा. यातला एक जरी मंदावला तरी गाडी तापते.

आता घाट. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे 1,370 मीटर उंचीवर आहे आणि पोलादपूर सावित्रीच्या खोऱ्यात अगदी तळाशी. म्हणजे चाळीसेक किलोमीटरच्या प्रवासात गाडी सुमारे 1,300 मीटर वर उचलायची. माणसं आणि सामान धरून गाडीचं वजन 1000 किलो धरलं, तर नुसतं उचलायलाच सुमारे 1 कोटी 27 लाख ज्यूल लागतात. इंजिन चौथ्या हिश्शानेच काम करतं म्हटल्यावर त्यासाठी चौपट ऊर्जेचं पेट्रोल जाळावं लागतं, म्हणजे जवळजवळ 5 कोटी ज्यूल. दीड लिटरच्या आसपास. सपाट रस्त्याला लागणारं पेट्रोल वेगळंच. या जास्तीच्या दीड लिटरातले 30 टक्के, म्हणजे सुमारे दीड कोटी ज्यूल, थंडाव्याच्या पाण्यात उतरतात. विजेच्या मीटरवर ते चार युनिटांहून थोडे जास्त भरतील. एवढ्या उष्णतेत 30 अंशांचं सहा लिटर पाणी उकळून पूर्ण वाफ होऊन जाईल. लहान गाडीच्या यंत्रणेत मुळात चारेक लिटरच पाणी असतं. रेडिएटर नसता तर महाबळेश्वरला पोचेपर्यंत सगळं पाणी आटून गेलं असतं.

आणि ही उष्णता काढायची ती अशा वेळी, जेव्हा वारा नसतो. हायवेवर 60च्या वेगाला समोरून येणारी हवाच रेडिएटर थंड ठेवते. घाटात वेग 30 किंवा त्याहूनही कमी. ताकद मात्र हायवेपेक्षा जास्त लागते. निम्मा वारा आणि दीडपट मेहनत असं हे गणित आहे. रेडिएटर निम्मा बुजलेला असला तरी सपाटीवर तो निभावून नेतो, म्हणून मालकाला वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही. घाटात त्याचं बिंग फुटतं.

म्हणून ज्या गाडीची तक्रार ‘एरवी ठीक आहे, फक्त घाटात तापते’ अशी आहे, तिच्या बाबतीत संशय आधी रेडिएटरवर घ्यावा. हा रेडिएटर दोन बाजूंनी बुजतो. आतून गंज आणि क्षारांनी, बाहेरून धूळ-चिखलाने.

आतल्या बाजूचं कारण म्हणजे वर्षानुवर्षं ओतलेलं साधं पाणी. बोअरच्या कठीण पाण्यातला चुना गरम नळीच्या भिंतीवर बसत जातो. तांबं उष्णता फार चांगली वाहून नेतं, हा थर मात्र तांब्यापेक्षा शेकडो पटींनी कमी वाहून नेतो. नळीत एक मिलिमीटर क्षार बसला की धातू चांगला असूनही उपयोग राहत नाही. त्यात इंजिनातला लोखंडाचा गंज मिसळला की तपकिरी गाळ तयार होतो आणि खालच्या नळ्या पार बंद होतात. हे ओळखायची सोपी रीत आहे. गाडी चांगली गरम झाल्यावर इंजिन बंद करायचं, पंख्याची वायर काढून ठेवायची आणि रेडिएटरच्या जाळीवरून बंदुकीसारखा थर्मामीटर फिरवायचा. निरोगी रेडिएटरमध्ये तापमान एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे हळूहळू उतरत जातं. मध्येच एखादा पट्टा एकदम गार लागला तर तिथून पाणी वाहतच नाही असं समजावं. जुन्या अॅम्बॅसिडर, पद्मिनी किंवा जीपचे तांब्या-पितळेचे रेडिएटर असतील तर कारागीर वरची टाकी डाख काढून उघडतो आणि एकेका नळीत चपटी सळई घालून ती साफ करतो. अॅल्युमिनियमची जाळी आणि प्लॅस्टिकच्या टाक्या असलेल्या नंतरच्या रेडिएटरला हा उपचार सोसत नाही. तो बदललेलाच बरा.

बाहेरच्या बाजूचं कारण महाडकरांना वेगळं सांगायला नको. 22 जुलै 2021च्या महापुरात सावित्री आणि गांधारीचं पाणी शहरात शिरलं. सावित्रीचा उगम महाबळेश्वरला. त्याच सुमारास महाबळेश्वरला 24 तासांत 594 मिलिमीटर पाऊस झाला आणि त्यातलं पाणी या उताराने खाली आलं. पाणी ओसरलं तेव्हा घरं, दुकानं आणि रस्त्यांवर चिखलाचा थर होता आणि असंख्य गाड्या त्यात रुतलेल्या होत्या. अशा गाडीची इंजिनाची आणि विजेची कामं झाली, आतलं कापड बदललं, रंग चढला, तरी एक जागा सहज सुटते. एसीच्या गाड्यांत रेडिएटरच्या पुढे एसीची आणखी एक जाळी असते आणि दोन्हींच्या मध्ये बोटभर फट. पुराचा बारीक गाळ या फटीत जाऊन बसतो आणि वाळून घट्ट होतो. जाळीच्या दोन पत्र्यांमधलं अंतर जेमतेम एक-दीड मिलिमीटर असतं, तेवढं बुजायला फार गाळ लागत नाही. पुढून पाहिलं तर एसीची जाळी स्वच्छ दिसते, म्हणून धुणाऱ्यालाही वाटतं की सगळं साफ आहे.

हे तपासायला संध्याकाळची वेळ चांगली. एकाने इंजिनाच्या बाजूने रेडिएटरवर टॉर्च धरायची, दुसऱ्याने पुढून पाहायचं. उजेड ठिकठिकाणी झिरपून आला पाहिजे. काळे पट्टे दिसले की तिथे हवा अडते आहे. साफ करताना पाणी इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला मारायचं, म्हणजे घाण आली त्याच वाटेने परत जाते. सर्व्हिसिंगच्या जोरदार फवाऱ्याने जाळीचे पत्रे वाकतात आणि जे उघडं होतं तेही बंद होतं, म्हणून मळा-बागेच्या नळीचंच पाणी वापरावं. गाळ फार जुना असेल तर दोन्ही जाळ्या सुट्या करून मधली फट साफ करण्याला पर्याय नाही. पुरात बुडालेली गाडी स्वस्तात घेतली असेल तर हे काम पहिल्याच आठवड्यात करून घ्यावं.

आता दुसरी तक्रार : गर्दीत उभी असताना तापते, हायवेला लागली की काटा आपोआप खाली येतो. इथे फार डोकं लावायला नको. गाडी धावू लागल्यावर वारा मिळतो आणि ती गार होते, याचाच अर्थ उभी असताना वारा देणारा पंखा काम करत नाही. विजेवरचा पंखा असेल तर गाडी उभी ठेवून इंजिन चालू ठेवावं. काटा निम्म्याच्या थोडा वर गेला की पंख्याचा घरघराट ऐकू यायला हवा. न आला तर फ्यूज, रिले, रेडिएटरवरचा तापमानाचा स्विच, मोटर, या क्रमाने तपासावं. बेल्टवर फिरणारा पंखा असेल तर बेल्ट अंगठ्याने दाबून पाहावा. सेंटिमीटरभर दबला तर ठीक, त्याहून फार दबला तर तो ढिला आहे. 20 मार्चच्या रांगेत ज्या गाड्या तापतात त्यातल्या बऱ्याचशा या साध्या कारणाने तापत असणार.

तिसरी तक्रार हायवेची. मोकळ्या रस्त्यावर वारा भरपूर असतो, तरीही ताशी 70-80 ला काटा चढत असेल तर वाऱ्याचा प्रश्न नाही, पाणीच फिरत नाही. पाण्याच्या पंपाची पाती गंजून झिजलेली असतात, किंवा खालचा होस पाइप जुना होऊन मऊ पडलेला असतो आणि इंजिनाचे फेरे वाढले की पंपाच्या ओढीने आत चिमटतो. गाडी उभी करून पाहिलं की तो पुन्हा गोल झालेला असतो, म्हणून दोष सापडत नाही. दुसऱ्या माणसाला अॅक्सिलरेटर दाबायला सांगून पाइपकडे पाहावं. यातलं काहीच नसेल तर थर्मोस्टॅट.

थर्मोस्टॅटबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण या छोट्या भागावर आपल्याकडे फार अन्याय होतो. ही एक झडप असते. इंजिन थंड असताना ती बंद राहते आणि पाणी इंजिनातच फिरतं, म्हणजे इंजिन लवकर गरम होतं. पाणी 82 अंशांच्या आसपास पोचलं की झडप उघडू लागते आणि पाणी रेडिएटरकडे जातं. झडपेच्या पोटात मेण भरलेलं असतं. मेण वितळताना फुगतं आणि दांडी ढकलतं. इतकी साधी, विजेवाचून चालणारी युक्ती. कालांतराने मेणाची डबी गळते किंवा गंजाने दांडी अडकते आणि झडप अर्धीच उघडते. मग गाडी तापते, आणि गॅरेजमध्ये सर्रास उपाय केला जातो तो म्हणजे थर्मोस्टॅट काढूनच टाकायचा. ‘आपल्याकडे थंडी कुठे असते, काय गरज आहे याची?’ असं सांगितलं जातं.

हा उपाय चुकीचा आहे आणि तो मान्य करू नये. थर्मोस्टॅट काढलेलं इंजिन पावसाळ्यात आणि हिवाळ्यात कधीच पुरेसं गरम होत नाही. पेट्रोल जास्त जळतं, सिलिंडरच्या भिंतीवरून पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं आणि झीज वाढते. आणि ज्यासाठी तो काढला तेही साधत नाही. कित्येक इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना आतली आडवाट बंद करतो, म्हणजे सगळं पाणी रेडिएटरमधूनच गेलं पाहिजे. तो काढला की आडवाट कायमची उघडी राहते, गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरला न जाता पुन्हा इंजिनात येतो, आणि घाटात गाडी आधीपेक्षा जास्त तापते.

त्यापेक्षा तो काढून घरी तपासावा. एका टाकाऊ पातेल्यात पाणी घ्यावं. थर्मोस्टॅट दोऱ्याने बांधून पाण्यात अधांतरी सोडावा, बुडाला टेकू देऊ नये, नाहीतर बुडाच्या उष्णतेने तो आधीच उघडेल. शेजारी 110 अंशांपर्यंतचा थर्मामीटर, तोही अधांतरी. गॅस मंद. पाणी 60, 70, 75 अंशांवर जाईल, पितळी तबकडी हलणार नाही. झडपेच्या कडेवर जो आकडा कोरलेला असेल, बहुधा 82 किंवा 88, त्याच्या आसपास तबकडीच्या कडेला केसाएवढी फट दिसेल. पुढच्या दहा-बारा अंशांत ती उघडत जाऊन सात-आठ मिलिमीटर वर येईल. गॅस बंद करून पाणी निवू दिलं की तितक्याच शिस्तीत बंद होईल. आकडा उलटून दहा अंश झाले तरी हलली नाही, किंवा अर्ध्यावर अडली, तर नवीन आणून त्याच जागी बसवावी. घरातल्या मुलांना जवळ बसवून हा प्रयोग जरूर दाखवावा. ते पातेलं मात्र पुन्हा स्वयंपाकाला घेऊ नये.

थर्मोस्टॅटपेक्षाही स्वस्त आणि त्याहून दुर्लक्षित भाग म्हणजे रेडिएटरचं झाकण. त्यावर अनेकदा 0.9 असा आकडा असतो. तो दाबाचा आहे. प्रेशर कुकरच्या शिट्टीचं काम हे झाकण करतं. बाहेरच्या हवेपेक्षा 0.9 बार जास्त दाब आत टिकवून धरतं, त्यामुळे महाडला पाणी 100 ऐवजी सुमारे 118 अंशांना उकळतं. झाकणाचं रबर कडक झालं, चिरलं किंवा स्प्रिंग सैल पडली की दाब टिकत नाही. मग काय होतं? महाबळेश्वरच्या उंचीवर हवेचा दाब कमी असल्याने उघड्या भांड्यातलं पाणी साडेपंचाण्णव अंशांच्या आसपासच उकळतं. आणि निरोगी इंजिनाचं पाणी घाट चढताना 90-95 अंशांवर सहज असतं. म्हणजे इंजिनात काहीही बिघाड नाही, काटा लाल रेषेला शिवलेलाही नाही, तरी रेडिएटरला जोडलेल्या बाटलीतून उकळतं पाणी बाहेर! घाटमाथ्यावर पोचून गाडीने पाणी टाकलं आणि गॅरेजमध्ये ‘इंजिन उघडावं लागेल’ असं ऐकायला मिळालं, तर आधी झाकण बदलून पाहा. ज्या दाबाचं होतं त्याच दाबाचं नवं घ्या. मुद्दाम जास्त दाबाचं बसवलं तर जुने होस पाइप फुटतात.

याच दाबामुळे गरम गाडीचं झाकण उघडणं जिवावर बेततं. समजा आत 115 अंशांचं चार लिटर पाणी आहे. झाकण फिरवताक्षणी दाब जातो, आणि 100च्या वरच्या पंधरा अंशांची उष्णता त्यातल्या शंभरेक ग्रॅम पाण्याची तिथल्या तिथे वाफ करते. शंभरेक ग्रॅम ऐकायला थोडं वाटतं, पण त्याची वाफ दोनशे लिटरच्या घरात जाते. ती बाहेर पडताना उरलेलं उकळतं पाणी तोंडावर, छातीवर, हातावर फेकते. ओलं फडकं ठेवलं म्हणून हे टळत नाही. घाटात गाडी तापली तर घाई करायची ती गाडी थांबवण्याची. झाकणाला अजिबात घाई नको.

थांबण्याचीही रीत आहे. वळणावर किंवा दरडीखाली उभी करू नका, सरळ आणि रुंद जागा पाहा, चाकाला दगड लावा. काटा नुसता वर गेला आहे, वाफ नाही, पाणी गळत नाही, अशी स्थिती असेल तर एसी बंद करून, हीटर असेल तर पूर्ण चालू करून, न्यूट्रलमध्ये दोन-तीन मिनिटं इंजिन चालू ठेवा. हीटर हा छोटा रेडिएटरच असतो, आतल्या लोकांना उकडेल पण इंजिनाची उष्णता तेवढी बाहेर निघेल. वाफ निघत असेल किंवा खाली पाणी सांडत असेल तर मात्र इंजिन ताबडतोब बंद. मग किमान अर्धा-पाऊण तास काही करायचं नाही. वरचा होस पाइप जाड फडक्याने दाबून पाहिला आणि तो मऊ, दाबरहित लागला, तरच झाकण पहिल्या खाचेपर्यंत फिरवून थांबायचं, उरलासुरला दाब जाऊ द्यायचा, मग उघडायचं. थंड पाणी एकदम ओतू नका. तापलेल्या धातूला तडा जातो. इंजिन चालू ठेवून धारेने, थोडं थोडं घाला.

एक फसवी गोष्ट इथे सांगायलाच हवी. तापमानाचा सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच खरं तापमान दाखवतो. सगळं पाणी निघून गेलं की तो कोरडा पडतो आणि काटा खाली येऊ शकतो. चालकाला वाटतं गाडी थंड झाली, तो पुढे रेटतो, आणि दोन-चार वळणांत इंजिन जाम होतं. लाल रेषेवर गेलेला काटा गाडी चालू असतानाच अचानक खाली घसरला तर दिलासा मानू नका, लगेच थांबा.

न थांबल्याची किंमत हेड गॅसकेटला चुकवावी लागते. पुष्कळ जुन्या इंजिनांत खालचा ब्लॉक ओतीव लोखंडाचा आणि वरचं हेड अॅल्युमिनियमचं असतं. तापल्यावर अॅल्युमिनियम लोखंडाच्या दुपटीने प्रसरण पावतं. 35 सेंटिमीटर लांबीचं हेड नेहमीपेक्षा 50 अंश जास्त तापलं तर ते सुमारे 0.4 मिलिमीटर वाढू पाहतं, ब्लॉक मात्र निम्माच वाढतो. दोघं बोल्टांनी जखडलेले. मग हेड बाक घेतं. हेडचा पृष्ठभाग सपाटीपासून 0.05 मिलिमीटरहून जास्त ढळला तर तो सहसा चालत नाही, इतकं हे काम नाजूक आहे. बाक आला की दोघांच्या मधलं गॅसकेट फुटतं आणि सिलिंडरमधला जळता वायू पाण्यात घुसतो.

याच्या खुणा ओळखू येतात. रात्रभर थंड झालेली गाडी सुरू केल्यावर एक-दोन मिनिटांतच वरचा होस पाइप टणक होतो, पाणी अजून कोमटही झालेलं नसताना. रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात. सायलेन्सरमधून पांढरा धूर, ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चिकटा. खात्री करायची तर त्यासाठी रसायनाची चाचणी मिळते. निळ्या रंगाच्या द्रवातून रेडिएटरमधली हवा खेचायची. पाण्यात जळालेल्या पेट्रोलचा वायू असेल तर त्यातल्या कार्बन डायऑक्साइडने द्रव पिवळा पडतो. शाळेच्या प्रयोगशाळेतल्या लिटमससारखाच हा एक दर्शक आहे, ब्रोमोथायमॉल ब्लू नावाचा. काही मिनिटांच्या या चाचणीशिवाय कुणी हेड उतरवायला निघालं तर त्याला थांबवावं. हेड उतरवलंच तर ते सरळ पट्टी आणि फिलर गेज लावून मोजल्याशिवाय नवं गॅसकेट बसवू देऊ नये. वाकड्या हेडवर बसवलेलं गॅसकेट पुढच्या घाटात पुन्हा जातं.

चालवण्यातही बरंच काही आहे. घाटात वरच्या गिअरला गाडी रेटणारे चालक इंजिन हलकं चालतंय असं समजतात. प्रत्यक्षात कमी फेऱ्यांना पाण्याचा पंप मंद फिरतो, बेल्टवरचा पंखाही मंद फिरतो, आणि प्रत्येक फेऱ्यात जळणाऱ्या पेट्रोलचा भार वाढतो. तिसऱ्यात गाडी ओढेनाशी झाली की दुसरा टाकावा, फेरे वाढू द्यावेत. उतरतानाही हाच गिअर ठेवावा. चढताना साठवलेले ते सव्वा कोटी ज्यूल उतरताना कुठे तरी जिरवावेच लागतात, आणि नुसत्या ब्रेकवर आलात तर ते सगळे ब्रेकच्या पट्ट्यांत जिरतात. पोलादपूरच्या बाजूला उतरलेल्या गाडीच्या चाकांना येणारा जळका वास त्याचाच. कशेडीला बोगदा झाल्याने गोव्याकडे जाणाऱ्यांचा घाट आता टळतो. आंबेनळी आणि भोरकडे जाणारा वरंधा मात्र चढावाच लागतो.

शेवटी पाणी. साधं पाणी उष्णता धरून ठेवण्यात कूलंटपेक्षा, म्हणजे ग्लायकॉल मिसळलेल्या पाण्यापेक्षा, सरसच आहे. निम्मं ग्लायकॉल मिसळलं तर ही क्षमता पंधरा टक्क्यांनी घटते. तरीही कूलंट वापरावं, कारण ते उशिरा उकळतं आणि त्यातली गंजरोधक रसायनं रेडिएटर व पंप वाचवतात. बऱ्याच कूलंटमध्ये ही रसायनं दोन-तीन वर्षांत संपतात, रंग तसाच राहिला तरी. म्हणून रंगावर न जाता गाडीच्या पुस्तकात दिलेल्या मुदतीला ते बदलावं, मिसळायला डिस्टिल्ड वॉटर घ्यावं आणि भरल्यावर अडकलेली हवा काढून टाकावी. ऐन घाटात पर्याय नसेल तर जे स्वच्छ पाणी मिळेल ते घालावं, पण घरी आल्यावर आठवड्याच्या आत ते काढून पुन्हा कूलंट भरावं.

काढलेलं जुनं कूलंट गॅरेजच्या दारात किंवा गटारात ओतू नका. त्यातलं एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि पोटात गेलं तर विषारी आहे. डबक्यात साचलं तर कुत्री-मांजरं ते चाटतात आणि मरतात, लहान मुलांनाही धोका असतो. महाड-पोलादपूरची गटारं शेवटी सावित्रीलाच मिळतात. ते बुचाच्या कॅनमध्ये भरून, वर ‘विष’ असं लिहून, मुलांच्या हाती लागणार नाही असं ठेवा आणि वापरलेलं ऑइल गोळा करणारा येईल तेव्हा तेही घेऊन जायला त्याला सांगा.